पाण्याचा ताळेबंद आणि नकाशावरची वस्ती

(समितीच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला जो विषय दिला तो पत्रिकेवर छापलेलाच आहे : 'पर्यावरण व्यवस्थापनासाठी संगणकीय मॉडेल आणि नकाशे यांचे शिक्षण'. विषय वाचून दाखवला तेव्हा मागच्या रांगेतील काही मंडळींनी घड्याळाकडे पाहिलेले मला इथून दिसले. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. पण बी.ए.ला माझा भूगोल होता. टोपोशीटवर ट्रेसिंग पेपर ठेवून समोच्च रेषा गिरवण्यात आमचे एक अख्खे वर्ष गेले. लातूरचे पत्रक ५६ बी आणि नांदेडचे ५६ ई, हे आकडे आजही पाठ आहेत. आणि काउंटरवर माझ्यापुढे दिवसभर असतात ते सात-बारा, आठ-अ, पीककर्जाचे अर्ज आणि विम्याच्या तक्रारी. म्हणजे जमीन आणि पाणी यांची कागदावरची बाजू मी रोज पाहतो. तेवढ्या अधिकारावर बोलतो आहे.

आपण सगळे नांदेड-लातूरची माणसे. पाण्याविषयी आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे पंचवीस लाख लिटर. देशभरातल्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. आता आपण एक साधा भागाकार करू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख ब्याऐंशी हजारांच्या पुढे होती. पंचवीस लाखांना तिने भागले तर माणशी साडेसहा लिटर येतात. पहिल्या गाडीचे तर माणशी सव्वा-दीड लिटर, म्हणजे एक तांब्या. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इतका पाऊस झाला की कोरडे पडलेले धनेगावचे मांजरा धरण भरून दरवाजे उघडावे लागले. एकाच वर्षात तहान आणि पूर. तेव्हा 'आमच्याकडे पाऊसच नाही' एवढे म्हणून भागत नाही. किती आला, कुठे गेला, कोणी वापरला, किती उरला, हा हिशेब मांडावा लागतो. सरकारी भाषेत त्याला 'पाण्याचा ताळेबंद' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आमच्या धंद्यातला आहे.

हा ताळेबंद आपण इथेच तोंडी मांडून पाहू. समजा एका गावाचे शिवार एक हजार हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. म्हणजे त्या शिवारात वर्षाला ७५० कोटी लिटर पाणी जमा झाले. गाव दोन हजार वस्तीचे. माणशी रोज ५५ लिटर, हे जलजीवन मिशनचे माप, धरले तर गावाला वर्षभर प्यायला-वापरायला लागते सुमारे चार कोटी लिटर. साडेसातशेतले चार! शंभराला अर्ध्या रुपयाहून किंचित जास्त, एवढेच. तरीही फेब्रुवारी संपत आला की त्याच गावात टँकरची वाट पाहिली जाते.

मग बाकीचे कुठे गेले? काही उन्हाने उडाले, काही ओढ्याने वाहून गेले, त्याला अपधाव म्हणतात, काही मातीने धरले आणि पिकांनी घेतले, आणि थोडे खाली मुरले. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत १८०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. दोन हजार धरले तर हेक्टरी दोन कोटी लिटर. म्हणजे दोन हेक्टर, आपल्या भाषेत पाच एकर ऊस आणि दोन हजार माणसांचे गाव यांची वर्षाची तहान सारखीच झाली. यातले काही पाणी उसाला पावसाचेच मिळते आणि ठिबक असेल तर उपसा कमी होतो, हे मान्य. ऊस लावणाऱ्याचा मी शत्रू नाही, त्यातले पुष्कळजण आमच्या शाखेचे चांगले खातेदार आहेत. पण खात्यावर कोणी किती उचल केली हे दिसल्याशिवाय शिल्लक कळत नाही, एवढेच माझे म्हणणे.

मित्रहो, संगणकीय मॉडेल म्हणतात ते याहून वेगळे काही नाही. मी आत्ता संपूर्ण गावाचा एकच हिशेब केला. संगणक गावाचे हजारो लहान चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनाचे स्वतंत्र पासबुक ठेवतो. या चौकोनाचा उतार किती, माती किती खोल, पीक कोणते, त्या दिवशी पाऊस किती. मग किती वाहिले, किती मुरले, वाहिलेले शेजारच्या कोणत्या चौकोनात गेले. हे रोजच्या रोज. हाताने करायचे तर पन्नास कारकून बसवावे लागतील. संगणकाला काही मिनिटे पुरतात. यात जादू काही नाही.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. १८९२ साली स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील पावसाचा आणि वाहत्या पाण्याचा अभ्यास करून कोष्टके तयार केली. पाणलोटाचे त्याने तीन प्रकार केले : चांगले, मध्यम आणि वाईट. एवढा पाऊस झाला तर एवढे पाणी तळ्यात येईल, हे कोष्टकात बघायचे. आपल्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या कामात ही कोष्टके पुढे कितीतरी वर्षे वापरली गेली. तेही मॉडेलच, फक्त कागदावरचे. आणि बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, तेव्हा दामोदर आणि महानदीच्या प्रश्नांत त्यांनी नदीचे संपूर्ण खोरे एकक धरून नियोजन करण्याचा आग्रह धरला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा आधीचा अवतार १९४५ साली त्यांच्याच खात्यात स्थापन झाला. खोरे एकक धरायचे म्हणजे आधी खोऱ्याचा नकाशा हवा. चवदार तळ्याचा इतिहास आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे हे दुसरे काम मात्र आपल्या पदवीधरांनाही अनेकदा माहीत नसते.

आता चौकोनांकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजली. त्या मोहिमेचे लघुरूप एस.आर.टी.एम. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लघुरूपही एस.आर.टी.एम.च! त्यामुळे 'मी एस.आर.टी.एम.चा डेटा उतरवून घेतला' असे पोरगा म्हणाला की घरच्यांना वाटते, निकाल लागला. असो. या मोहिमेचे उंचीचे आकडे आज कोणालाही फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन तीस मीटर बाय तीस मीटरचा. म्हणजे ९०० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा, तेव्हा एक चौकोन जवळजवळ नऊ गुंठ्यांचा झाला. नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा. शिवाय त्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते. डोंगर, दरी, नदीचे खोरे पाहायला हे उत्तम आहे. पण आपल्या वस्तीत नऊ गुंठ्यांत किती घरे बसतात ते मी सांगायला नको.

हे मी उगीच सांगत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरले, माणसे गेली, जनावरे गेली, सैन्य बोलवावे लागले. पुराचे मॉडेल करायचे म्हणजे 'पाणी अमुक पातळीला आले तर कोणती घरे बुडतील' हे आधी सांगायचे. घरात छातीइतके पाणी आले म्हणजे चार-साडेचार फूट. ज्या उंचीच्या आकड्यातच काही मीटरची चूक असते, तो आकडा कोणाचा उंबरठा बुडेल हे कसे सांगणार? ते सांगते घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण. मागच्या पुरात पाणी मारुतीच्या पाराला लागले होते की शाळेच्या तिसऱ्या पायरीला, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पक्के माहीत असते. वस्ती बऱ्याच गावांत उताराला, ओढ्याच्या अंगाला असते, त्यामुळे पाणी आधी कोणाकडे येते हेही आपल्याला माहीत आहे. ती खूण मोजून, तिचे स्थान मोबाईलवर नोंदवून नकाशावर आणली की मॉडेलचा ताळा पाहता येतो. ताळा पाहणे हा शब्द आपण शाळेत शिकलो. गुणाकार केला की ताळा पाहायचा. मॉडेलच्या भाषेत यालाच मोठी मोठी नावे आहेत. आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड आणि खतावणी जुळेपर्यंत कोणी घरी जात नाही. मॉडेल करणाऱ्यानेही विहिरीची पातळी आणि संगणकाचे उत्तर जुळल्याशिवाय उठू नये.

आता दुसरी गोम. बंधारा कुठे बांधावा, पाणी कुठे मुरवावे, हे ठरवताना अनेक नकाशे एकावर एक ठेवतात. खडकाचा, मातीचा, उताराचा, पिकांचा, ओढ्यांचा. प्रत्येकाला गुण द्यायचे. उताराला तीस, मातीला पंचवीस, असे. मग बेरीज करून ज्या जागेला जास्त गुण ती जागा निवडायची. कर्ज मंजुरीपूर्वी आम्ही सिबिलचा आकडा बघतो, तसेच हे. पण गुण कोणी द्यायचे? उताराचे पाच गुण कमी करून मातीला दिले की बंधारा ओढ्याच्या या काठावरून पुढच्या वळणावर सरकतो. कधी कधी एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेताजवळ जातो. संगणक तक्रार करीत नाही. छापील रंगीत नकाशा ग्रामसभेत टांगला की गावकरीही तक्रार करीत नाहीत, कारण तो 'उपग्रहाचा' आहे! उपग्रहाने फक्त फोटो दिला, गुण खुर्चीवर बसलेल्या माणसाने दिले, हे सभेत कोणी सांगत नाही. ज्याला हे सॉफ्टवेअर चालवता येते तोच उठून विचारू शकतो की साहेब, गुण बदलून एकदा पुन्हा दाखवा.

पाणलोटाची कामे 'माथा ते पायथा' करायची असतात, आणि ते शास्त्राला धरून आहे. माथ्यावरची जमीन बहुधा हलकी, मुरमाड, आणि पुष्कळ ठिकाणी ती गायरान असते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपल्या लोकांनी जी थोडीफार जमीन कसली ती हीच. सलग समतल चर तिथे खोदले जातात, पाणी तिथे मुरते आणि खाली जाऊन पायथ्याच्या काळ्या जमिनीतील विहिरींना लागते. त्यात वाईट काही नाही, पाणी खालीच जाणार. पण माथ्यावर कसणाऱ्याचे नाव सात-बारावर नसेल तर नकाशात त्याचा तुकडा 'पडीक' या एकाच रंगात रंगवला जातो. त्याचे पीक मॉडेलमध्ये नाही, त्याची तहान मॉडेलमध्ये नाही. चर कुठून न्यावा हे त्याला कोणी विचारीत नाही. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ पासून जे फोटो देतो त्यातला बारीक चौकोन दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. ते फोटोही फुकट आहेत. त्यावर त्या तुकड्यातली खरिपाची हिरवळ दिसते. पण ही ज्वारी, ही तूर आणि हे नुसते गवत, हे ओळखायला पायी जावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या कॉलनीतील चार-पाच मुलांना घेऊन माझ्या गावी गेलो होतो. सगळी कला शाखेची मुले. आमचे एकच काम होते. पिण्याच्या पाण्याचा प्रत्येक स्रोत मोबाईलवर नोंदवायचा आणि चालू की बंद, पाणी किती महिने टिकते, कोण भरते, हे लिहायचे. का, तर आपल्या राज्यात १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी आली आणि पुढे २००९ च्या कायद्यानेही सार्वजनिक स्रोतांच्या संरक्षणाची तत्त्वे कायम ठेवली. नकाशावर स्रोताभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढणे हा संगणकावरचा सगळ्यात सोपा धडा. दोन मिनिटांचा. मुलांनी वर्तुळे काढली. आमच्या वस्तीच्या हातपंपाच्या वर्तुळात त्यांना अनेक बोअर सापडले. मात्र आम्ही पाहिलेल्या यादीत तो हातपंप नव्हताच. यादीत नाही म्हणजे सार्वजनिक स्रोत नाही, स्रोत नाही म्हणजे वर्तुळ नाही, वर्तुळ नाही म्हणजे कोणी काही बेकायदा केलेले नाही. एक मुलगी तिथेच म्हणाली, 'काका, मग आधी यादीत नाव घालायला अर्ज करू.' तो अर्ज आम्ही नकाशासह दिला. नकाशा जोडलेला अर्ज बाजूला सारताना समोरच्या माणसाचा हात थोडा थांबतो, एवढा अनुभव मला त्या दिवशी आला. त्याचा निकाल अजून यायचा आहे.

आता शिक्षणाकडे येतो. नांदेडच्या विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. म्हणजे भूकंपानंतर वर्षाच्या आत हे विद्यापीठ उभे राहिले. भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल तिथे आहे. भूगर्भशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि भूगोल हे विषय तिथे शिकवले जातात. लातूरला उपपरिसर आहे, संगणकाचे शिक्षण तिथे मिळते. या भागात अभ्यासाचा विषयही पायाखालीच आहे. लातुरात आणि नांदेडच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट, तर देगलूर, मुखेड, बिलोलीकडे ग्रॅनाइट. दोघांची पाणी धरण्याची रीत निराळी. लातूरचे मॉडेल जसेच्या तसे देगलूरला चालणार नाही, हे शिकायला परदेशात जायला नको.

मात्र शिकवण्याच्या पद्धतीविषयी, एका महाविद्यालयात मी जे पाहिले ते सांगतो. मुले व्याख्या पाठ करीत होती. प्रात्यक्षिकाच्या वहीत मागच्या वर्षीच्या वहीतून नकाशे उतरवले होते, आणि ते नकाशे कुठल्या तरी परक्या देशातल्या खोऱ्याचे होते, कारण सॉफ्टवेअरबरोबर नमुना म्हणून तेच येते. संगणक होते, पण सॉफ्टवेअरचे लायसन महागडे म्हणून एकाच यंत्रावर, आणि त्या खोलीला कुलूप. हे आज पटण्यासारखे नाही. क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केले. ते पूर्णपणे मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरून २००९ पासून आपल्या देशाचे उपग्रह-नकाशे पाहता येतात. डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था, आय.आय.आर.एस., घरबसल्या विनाशुल्क अभ्यासक्रम चालवते आणि प्रमाणपत्र देते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते आणि राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागणी करून हिशेब ठेवते. साधने नाहीत ही सबब राहिलेली नाही. शिकवणारा धड्याची सुरुवात कुठून करतो, यावर सगळे अवलंबून आहे.

माझ्या मते सुरुवात बटनांपासून करू नये. पहिले काही दिवस संगणक बंद. प्रत्येकाने आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद कागदावर, मघाशी केला तसा, बेरीज-वजाबाकीने मांडावा. मग गावात पायी फिरावे. मग यंत्र सुरू करावे. आणि पहिला नकाशा स्वतःच्याच गावाचा असावा, त्यातही आपल्या आळीचा. एप्रिल-मे महिन्यात हिरवे दिसणारे एक-एक गुंठ्याचे चौकोन मोजले की उन्हाळ्यात गावात किती एकराला पाणी मिळते हे कळते. मग ते ऊस आहे की फळबाग की नदीकाठची झाडी, हे जाऊन पाहावे. एवढा एक धडा मन लावून केला तर मुलगा मॉडेल म्हणजे काय ते शिकला, आणि ते कुठे चुकते तेही शिकला. दुसरे म्हणजे हे मराठीत शिकवावे. अपधाव, पाणलोट, मुरवण, ताळा, शिल्लक हे शब्द मुलांच्या आज्यांना समजतात. व्याख्या इंग्रजीत पाठ करून नकाशा काढता येत नाही.

आणि हे शिक्षण फक्त विज्ञान शाखेपुरते ठेवू नये. आपली बहुसंख्य मुले कला शाखेत जातात आणि 'बी.ए. करून काय होणार' हे ऐकत मोठी होतात. भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला माणसांशी बोलता येते, घरोघर जाऊन माहिती काढता येते. मॉडेलला नेमके तेच कमी पडते. गणित दहावीचे पुरते. पुढे ज्याला सूत्रांच्या खोलात जायचे त्याने जावे.

हे सगळे का शिकायचे, असे पालक विचारतील. नोकरीचे प्रामाणिकपणे सांगतो. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे, भूजल यंत्रणा आहे, खाजगी कंपन्या आहेत. कामे आहेत, पण पुष्कळशी कंत्राटी आहेत. कोर्स केला आणि लगेच कायमची नोकरी लागली असे मी आपणास सांगणार नाही. माझा मुद्दा दुसरा आहे. पूर्वी निर्णय तहसीलच्या टेबलावर होत होते, आता ते पडद्यावरच्या नकाशावर होऊ लागले आहेत. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवारची कामे नकाशावर टिपली गेली. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आपले दोन्ही जिल्हे होते. त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद संगणकावर मांडण्याची रीत आय.आय.टी. मुंबईच्या मदतीने तयार झाली आणि ती मघाशी सांगितलेल्या क्यूजीआयएसवरच चालते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःचे पीक मोबाईलवर नोंदवतो. पीकविम्याचा पाऊस महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रावर मोजतात. एका मंडळात कितीतरी गावे. आमच्या काउंटरवर माणूस येऊन विचारतो, 'साहेब, आमच्या शिवारात पाऊस पडलाच नाही, मग यंत्रात कसा पडला?' दोन केंद्रांच्या मधल्या गावांचा पाऊस कोणीतरी अंदाजाने भरलेला असतो. त्या अंदाजालाही सूत्र असते आणि त्या सूत्रावर हरकत घेता येते. पण हरकत घ्यायला ते सूत्र वाचता यावे लागते. मी त्या माणसाला एवढेच सांगू शकतो की गावातल्या शाळेत साधे पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहा, वही जपून ठेवा. चार वर्षांची वही असली तर ती पुरावा होते. हे काम आठवीतली मुलगीही करू शकते.

आता कामाचे बोलतो. समितीच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी नऊ ते बारा बसायचे असे ठरले आहे. लॅपटॉप नसला तरी हरकत नाही, दोघांत एक चालतो. ज्यांना यायचे त्यांनी आज जाताना ग्रंथपालांकडे नाव द्यावे. येताना तीन गोष्टी आणाव्यात. गावाचा गट नकाशा. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, महाभूनकाशावरूनही काढता येतो. साधी वही आणि पेन्सिल. आणि घरातल्या सगळ्यात वडील माणसाला विचारून आलेली उत्तरे : वस्तीची जुनी विहीर कोणत्या गटात होती, ती कोणत्या साली आटली, आणि पुराचे पाणी आजवर सगळ्यात वर कुठे लागले होते. पहिल्या रविवारी याच उत्तरांपासून सुरुवात करू.